किउचींचा तारा उफाळतो

दिवेलागणीला किउचींनी बाल्कनीतल्या दुर्बिणीला डोळा लावला, रोजच्यासारखं "नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. वर्षानुवर्षं निपचित पडलेला त्यांचा बटुनवतारा, म्हणजे एरवी मंद पण कधीतरी अचानक भडकणारा तारा, उफाळून लखलखत होता!

त्यांनी वेधशाळेत मिनागावाबाईंना फोन लावला.

"किउचीसान," बाई जपून म्हणाल्या, "गेल्या वर्षीही उफाळला होता ना?"

गेल्या वर्षी तिथून चाललेला एक लघुग्रह किउचींना तारा वाटला होता. वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीची अख्खी पाळी फुकट गेली, आणि तेव्हापासून निरीक्षक मंडळात त्यांचा शब्द कुणी खरा धरेना.

"या वेळी नकाशे तपासलेत हो! तिथे लघुग्रह नाही."

"दुसरी साक्ष द्या. लगेच दुर्बीण वळवते."

जवळपास दुसरे निरीक्षक म्हणजे सादाओका. गेल्या वर्षी सगळ्यात मोठ्यानं हसलेले तेच. आणि रोज या वेळी ते समोरच्या सार्वजनिक न्हाणीघरात असत. तारा तर त्याच न्हाणीघराच्या धुराड्याआड मावळायला निघालेला.

किउचींची बायको मासुए चपला अडकवून धावली. पुरुषांच्या दाराशी उभं राहून तिनं हाळी दिली, "सादाओकासान, तारा उफाळलाय! बाहेर या!"

"अंगाला साबण आहे, वहिनी!"

"साबणासकट या!"

सादाओका युकाता, म्हणजे पट्ट्याचा सुती झगा, गुंडाळून आले. कडाक्याच्या थंडीत अंगातून नुसत्या वाफा निघत होत्या. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. "छे! सगळं धुकं. काही दिसत नाही." आणि फोनवर ताटकळलेल्या बाईंना त्यांनी तेच ऐकवलं.

"अहो, धुकं तुमचंच आहे!" मासुए ओरडली. सादाओकांच्या वाफेनं भिंग पांढरंफटक झालं होतं. तिनं हेअर ड्रायर आणून आधी भिंगावर फिरवला, मग सादाओकांच्या तोंडावर. "आता श्वास रोखा, आणि बघा."

सादाओकांनी पाहिलं. शेजारचे तारे पाहिले. पुन्हा पाहिलं. मग फोन हिसकावला. "बाई, आहे! चांगला ठसठशीत आहे!"

"लघुग्रह नाही ना?"

"किउचीसाननी तपासलंय म्हटल्यावर लघुग्रह कसला?" सादाओका गरजले.

मोठी दुर्बीण वळवून झाल्यावर फोनमधून बाईंचा चिरका आवाज आला, "सापडला! जगभर कळवतेय. पहिलं नाव किउची, दुसरं सादाओका!"

दोघंही ताठ झाले आणि फोनसमोर कमरेतून वाकले. सादाओका जरा जास्तच वाकले. घाईत बांधलेला युकात्याचा पट्टा सुटला.

मासुएनं चटकन दुर्बिणीला डोळा लावला. तारा केव्हाच धुराड्याआड गेला होता.

"अगंबाई, काय सुंदर दिसतोय!" ती म्हणाली. "तुमचं चालू द्या सावकाश."