रस्त्यावर नसलेली गाडी

कायद्यात राहून सरकारला चकवायचं कसं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं लंडनमधल्या हाउन्सलोला माझ्या घरी यावं! सल्ला फुकट, वर चहा. दिवाळीपर्यंत मी हे वाक्य छाती पुढे काढून म्हणत होतो. हल्ली जरा हळू म्हणतो, कारण शेजारच्या मिसेस हॉकिन्सना ऐकू गेलं तर त्या हसतात.

झालं असं की मी गाडी घेतली. ऑफिसातल्या अजयची जुनीच, पण आमच्या घरात पहिलीच, म्हणजे आम्हाला नवी कोरी! तुम्ही म्हणाल, तुम्हाला गाडी चालवता येते का हो? नाही येत. इथली टेस्ट मी तीनदा दिली. तिसऱ्यांदा परीक्षक गाडीतून उतरला आणि आधी त्यानं जमिनीला हात लावून पाहिला. माझी बायको नंदा तर सायकलवरसुद्धा बसत नाही. गाडी होती तनूसाठी.

तनू आमची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच शिकली, आणि सप्टेंबरात कॉव्हेंट्रीला नोकरी लागली म्हणून तिकडे खोली घेऊन राहायला गेली. जाताना मला मिठी मारून म्हणाली, "बाबा, एव्हरी वीकेंड मी घरी येणार. प्रॉमिस!" पहिल्या शनिवारी आली. पुढच्या शनिवारी ट्रेन रद्द झाली. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणे युस्टन स्टेशनवर गर्दी फार. मग नुसताच मेसेज, 'सॉरी बाबा', आणि पुढे एक रडका चेहरा. मी म्हटलं, दुखणं ट्रेनचं आहे, औषध गाडी!

"पण मला गाडी नको, बाबा," तनू फोनवर म्हणाली. "इथे माझ्याकडे पार्किंग नाहीये."

"मग इथे राहू दे की, आपल्या दारात!"

दारात गाडी उभी आहे म्हटल्यावर पोरगी निदान गाडीसाठी तरी येईल, असा माझा डाव होता. अजयनं गाडी आणून आमच्या ड्राइव्हवेवर लावली, नाक घराकडे, शेपूट रस्त्याकडे. आणि त्याच संध्याकाळी मी तिला सॉर्न करून टाकलं. सॉर्न म्हणजे ही गाडी रस्त्यावर येणार नाही, घरच्याच जागेत उभी राहील, असं सरकारला ऑनलाइन कळवायचं. की रोड टॅक्स माफ! इन्शुरन्सही नको!

"तनू येईल त्या दिवशी टॅक्स भरू. पाच मिनिटांचं काम," मी नंदाला म्हणालो.

"आणि नाही आली तर?"

"येईल गं!"

नंदानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच टायरला लाथ मारून हवा तपासली.

दसऱ्याला गाडीची पूजा केली. झेंडूचा हार नाही मिळाला, मग सुपरमार्केटातल्या शेवंतीवर भागवलं. नंदा बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला, "अगं बाई, इथे नको! लोक पोलीस बोलावतील!" मग तिनं 'श्री' काढलं. नारळ फोडला. चारी चाकांमागे एकेक लिंबू ठेवलं. आता गाडी त्यांच्यावरून गेली की पूजा पुरी. पण नेणार कोण? तनू दसऱ्याला यायची होती, ती आली नव्हती.

"राहू देत लिंबं," मी म्हटलं. "तीच येऊन चिरडेल."

लिंबं राहिली. ऊन नाही, पाऊस फार, त्यामुळे ती सुकण्याऐवजी बुरसटली. दोन लिंबं रात्री गल्लीत फिरणाऱ्या कोल्ह्यानं पळवली. मग दर शनिवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानातून ताजी चार लिंबं आणायचो आणि चाकांमागे मांडायचो. न जाणो, आलीच तर! रोज संध्याकाळी गाडीत बसून रेडिओ ऐकायचो. नंदा मात्र खिडकीतून ओरडायची, "अहो, तुम्हाला घर आहे, आत या!"

मिसेस हॉकिन्सनी एकदा कुंपणावरून विचारलं, लिंबं कशासाठी? आता त्यांना काय काय समजावू? मी म्हटलं, गाडी सुखरूप राहावी म्हणून. बाई हुशार! त्यांनी अर्थ काढला की लिंबानं कोल्हे गाडीजवळ येत नाहीत. आठवड्याभरात त्यांच्या गाडीभोवती लिंबं, समोरच्या प्लंबरच्या व्हॅनभोवती लिंबं, कोपऱ्यावरच्या म्हातारबाबांच्या कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा एक लिंबू! दुकानदार मला बघून उठून उभा राहायला लागला.

दिवाळी आली. "आय विल ट्राय, बाबा," असं तनू म्हणाली होती. मी त्याचं मराठीत भाषांतर 'नक्की येते' असं केलं आणि शुक्रवारी रजा टाकली. गाडी धुतली. लिंबं बदलली. स्टिअरिंगवर बसून काच पुसत होतो तर फोन वाजला. 'कान्ट मेक इट बाबा. नेक्स्ट वीकेंड पक्का.' आणि तोच रडका चेहरा.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, रडू आलं. मग मी म्हटलं, नाही ना यायचं? नको येऊ. आमची लिंबं आम्ही चिरडू!

"अहो, काय करताय?" नंदा दारातून ओरडली.

"पूजा पुरी करतोय! वीतभर मागे घेतो, बस!"

आणि मी हँडब्रेक सोडला. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता आहे, हे मला ठाऊक होतं. पण लिंबं अडवतील असं मला वाटलं होतं! लिंबं कसली अडवतायत? फच्च करून रस उडाला आणि गाडी निघाली. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. तो क्लच होता. परीक्षकाचं काही चुकलं नव्हतं.

अखेर मागचा भाग मिसेस हॉकिन्सच्या कचऱ्याच्या डब्यावर जाऊन आदळला आणि गाडी थांबली. पुढची चाकं आमच्या हद्दीत, मागची भर रस्त्यात. किल्ली फिरवली तर इंजिन गप्प. रोज रेडिओ ऐकून ऐकून मी बॅटरी संपवली होती. सगळी गल्ली ढकलायला धावली. चढावर गाडी तसूभर हलेना. प्लंबर घामाघूम होऊन म्हणाला, "लिंबांचा काही उपयोग झाला नाही वाटतं!"

अजय शिफ्ट संपल्यावर येतो म्हणाला. त्याच्या आधी आली टॅक्स न भरलेल्या गाड्या धरणारी पिवळी व्हॅन. त्यातल्या माणसानं नंबर टिपला, यंत्रात पाहिला आणि फार सभ्यपणे मला म्हणाला, "सर, ही गाडी रस्त्यावर नाही असं तुम्ही कळवलंय."

"बरोबर!"

"पण ती रस्त्यावर आहे."

"नुसतं शेपूट आहे हो! तोंड घरातच आहे की!"

त्यानं शेपटाच्या चाकाला क्लॅम्प लावला, म्हणजे चाक जखडणारं लोखंडी कुलूप.

शेवटी नंदानंच तनूला फोन केला. मी ऐकत होतो. "काय? रोडवर? बाबाला लागलं नाही ना? कुणी काही टच करू नका, मी येते!"

मी येते! दसऱ्याला नाही, दिवाळीला नाही, क्लॅम्पला आली! संध्याकाळी पाठीवर सॅक टाकून ती गल्लीच्या तोंडाशी दिसली तेव्हा मला त्या पिवळ्या व्हॅनवाल्याला घरी फराळाला बोलवावंसं वाटलं. नंदानं रडत रडत चकल्या तळायला घेतल्या.

तनूनं आल्या आल्या फोनवर टॅक्स भरला, स्वतःच्या नावावर इन्शुरन्स घेतला आणि दंड चुकता केला. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॅम्प निघाला. अजयनं तारा जोडून इंजिन सुरू केलं आणि तनूनं गाडी झोकात वर आणून लावली. मी टाळ्या वाजवल्या. बघा, म्हटलं, गाडी कामाला आली!

जेवताना ती चकलीचे तुकडे करत बसली होती, खात नव्हती.

"बाबा, आई, मला सांगायचा होता. मी तिकडे फ्लॅट घेतला. एका मैत्रिणीबरोबर, फॉर अ लाँग टाइम..."

"सांगायचं होतं," मी तिचं मराठी सुधारलं. उगाच. काहीतरी बोलायला हवं होतं.

"माझ्या रूममधला सामान न्यायचा होता. मी व्हॅन बुक करणार होते. पण आता गाडी आहे ना आपला..."

नंदा माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "आहे की! त्यासाठीच तर घेतली!"

रविवारी आम्ही तिघांनी मिळून गाडी भरली. तिची गोधडी, टेबललॅम्प, शाळेतले कप, भिंतीवरचा आरसा. मागच्या काचेतून काही दिसेनासं झालं. खोलीत फक्त पलंग उरला. नंदानं चाकांमागे लिंबं ठेवली. तनू हसली, मग तिचे डोळे भरले, तिनं मला मिठी मारली. "एव्हरी मंथ येणार, बाबा. प्रॉमिस. आता ट्रेनचा एक्सक्यूज नाही."

चारी लिंबं एका दमात चिरडली गेली. पूजा पुरी झाली. गाडी गल्लीच्या टोकाला वळली, आणि मी हात हलवतच राहिलो.

"टॅक्स तरी वाचला का हो तुमचा?" नंदानं विचारलं. मग माझा चेहरा पाहून तिनं माझा हात हातात घेतला, आणि आम्ही आत गेलो.

पुढच्या शनिवारी दुकानात गेलो तर दुकानदारानं न सांगताच चार लिंबं पिशवीत टाकली. नको म्हणवेना. घरी आलो. ड्राइव्हवे मोकळा, नुसते तेलाचे डाग. मी चाकं असायची त्या चारी जागी एकेक लिंबू नीट ठेवलं. मिसेस हॉकिन्स कुंपणावरून बघतच राहिल्या.

उगाच कुणी परक्यानं तिथे गाडी लावू नये म्हणून हो! बाकी काही नाही.