आहे तेवढं घर

बायकोला यापुढे घराच्या भिंती स्वतःच्या हातानं सरकवता आल्या पाहिजेत, एवढंच मोक्पो बंदरातल्या सोक मानहोनं ठरवलं होतं.

मानहो एका लहानशा वास्तुविशारदाच्या ऑफिसात गेली बावीस वर्षं नकाशे काढत होता. लोकांची घरं, लोकांची दुकानं, एकदा तर अख्खा मासळीबाजार त्यानं कॉम्प्युटरवर रेखला होता. तो स्वतः मात्र बंदरामागच्या एका जुन्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता आणि गेलं दीड वर्ष एकटाच राहत होता. त्याची बायको युनरे शिक्षिका. तिची तीन वर्षांसाठी हुकसान बेटावर बदली झाली होती. बोटीनं दोन तास, म्हणजे वारा, लाटा आणि धुकं या तिघांचं एकमत झालं तर. दर पंधरा दिवसांनी ती शनिवारी यायची आणि रविवारी दुपारच्या बोटीनं परत जायची. गेल्या दोन खेपांना बोट सुटलीच नव्हती. दोन्ही वेळा मानहो धक्क्यावर गेला, 'आजची फेरी रद्द' ही पाटी वाचून परत आला. (दुसऱ्या वेळी त्यानं ती तीनदा वाचली, न जाणो मधेच एखादं अक्षर बदलायचं.)

युनरेच्या वडिलांनी दोघांना हेनामच्या डोंगरउतारावर जमिनीचा एक तुकडा दिला होता. त्यात अजून रताळीच लागत होती. पण कॉम्प्युटरवर मात्र तिथं अकरा वर्षं एक घर उभं होतं, आणि युनरे आली की चहा पिऊन झाल्यावर दोघं त्या घरात शिरायचे. ती सांगायची, तो काढायचा.

"ओसरी अजून थोडी पुढे घ्या."

"किती?"

"थोडी."

"मिलिमीटरमध्ये सांग."

"मिलिमीटरमध्ये बसायला मला ओसरी नकोय."

असे मोजून मिळालेल्या तासांतले चार-पाच तास जायचे, आणि रविवारी धक्क्यावर निरोप घेताना दोघांच्याही मनात एक खिडकी अर्धवट राहिलेली असायची.

नकाशे काढायच्या प्रोग्रामला हवं तसं वाकवता येतं, हे मानहोला ऑफिसमुळे माहीत होतं. वरच्या पट्टीवरची सगळी अगम्य नावं काढून टाकायची आणि तिथं युनरेच्या तोंडचे शब्द बसवायचे, असं त्यानं मनाशी धरलं. ती जे म्हणते ते तिनं फक्त दाबायचं. मधे तो नकोच. फक्त त्यासाठी तिचे शब्द नेमके हवे होते. त्यानं फोन केला.

"समज, भिंत दोन हात मागे न्यायची आहे. तर तू काय म्हणशील?"

"कुठली भिंत?"

"कुठलीही."

"काय पाडलंत तुम्ही?"

"काही पाडलं नाही. तू म्हण तर खरं."

"मी म्हणेन, आधी घरमालकाला विचारा."

"बरं, ते जाऊ दे. आणि केलेलं आवडलं नाही तर काय म्हणशील?"

"कोणी केलेलं?"

"मी केलेलं."

"म्हणते मी, असू दे, होतं तसं करा. वीस वर्षं म्हणतेच आहे."

मानहोनं ते कागदावर टिपून घेतलं. तिला चकित करायचं असल्यानं त्यानं पुढे काही सांगितलं नाही. परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नऊशे सहा नंबरच्या आजी दारात उभ्या राहिल्या. "तुझ्या बायकोचा फोन होता," म्हणाल्या, आणि आत येऊन चारही भिंती बोटानं ठोकून बघून गेल्या.

मग रोज जेवण झालं की तो मेनू करायला बसू लागला. 'भिंत सरकवा.' 'दार इकडून नको, तिकडून.' 'खिडकी थोडी मोठी.' (ही थोडी म्हणजे किती, यावर त्याची एक संध्याकाळ गेली. शेवटी दीडशे मिलिमीटरवर त्यानं स्वतःशीच तडजोड केली.) 'राहू दे.' आणि सगळ्यांत शेवटी, 'असू दे, होतं तसं करा.' तेवढं एक बटण तो उगाच पुन्हा पुन्हा दाबून बघायचा. एखादी रेघ मुद्दाम वाकडी काढायची, मग ते दाबायचं. रेघ पुसली जायची, आणि युनरे मागून जाता जाता म्हणाली असावी असं त्याला क्षणभर वाटायचं. खोलीत भाताच्या कुकरखेरीज कोणी बोलत नसताना हेही काही कमी नव्हतं.

"आपलं घर कायम रात्रीचंच का दिसतं हो?" असं ती विचारायची, कारण पडदा काळा असायचा. त्यानं तो पांढरा केला. लगेच घराच्या सगळ्या खिडक्या नाहीशा झाल्या. त्यानं डोळे चोळले, चष्मा पुसला, सरळ चष्म्याच्या दुकानात जावं का असाही विचार केला. मग लक्षात आलं, खिडक्या पिवळ्या रेघांच्या होत्या आणि पांढऱ्यावर पिवळं दिसत नाही. एकेका खिडकीला त्यानं निळा रंग दिला. मनात आलं, आता समुद्र दिसेल.

राहिलं छापणं. ऑफिसात नवा प्लॉटर आला तेव्हा मालक म्हणाले होते, "जुना नेतोस तर ने, नाहीतर भंगारात जाईल." ते आडदांड छपाईयंत्र आता घराच्या मागच्या खोलीत पडून होतं. कागदाच्या गुंडाळ्यासकट. सगळं घर एकदम बघायचं असलं की युनरे म्हणायची, "आहे तेवढं दाखवा." म्हणून त्या बटणाला नाव दिलं, 'आहे तेवढं'. दाबलं की अख्खं घर एका कागदावर छापून यावं. त्यासाठी कागदाचा आकार, रेघांची जाडी, सगळं त्यानं नीट बसवलं, आणि मापाच्या जागी 'एकास पन्नास' करायचं ते 'एकास एक' ठेवून दिलं. बावीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाच्या हातून असं कसं झालं, असं कोणी विचारेल. तर त्याच वेळी बातम्यांत हवामानवाले सांगत होते, की शनिवारी समुद्र शांत राहील. मानहोचा हात मेनूत होता आणि कान समुद्रावर.

शनिवारी बोट आली. युनरे वाळवलेल्या शेवाळाची पिशवी आणि मुलांच्या वह्या घेऊन उतरली. "बारीक झालात," ती म्हणाली. "तूही," तो म्हणाला. दोघांचंही खोटं होतं.

घरात पाऊल टाकल्यावर तिनं आधी भिंती बघितल्या. मग त्यानं तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. तिनं वरची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचली.

"मी असं बोलते?"

"असंच."

तिनं माऊस हातात घेतला. मग 'खिडकी थोडी मोठी' दाबलं. खिडकी थोडी मोठी झाली. तिनं आणखी एकदा दाबलं. मानहो तिच्या मागे श्वास रोखून उभा होता.

"तुम्ही असे मागे उभे राहू नका," ती म्हणाली. "वर्गातसुद्धा मागे तपासनीस उभा राहिला की मला काही सुचत नाही. बाजारात जा. लहान ऑक्टोपस मिळाले तर आणा."

तो गेला. पाऊण तासानं, पाण्याच्या पिशवीत चार ऑक्टोपस घेऊन लिफ्टमधून बाहेर पडला तेव्हा त्याला आपल्याच घरातून कर्रर्र, कर्रर्र असा आवाज ऐकू आला. दार उघडून बघतो तो कागद त्याच्या पायाशी आलेला. मागच्या खोलीतून निघून, स्वयंपाकघर ओलांडून, चपला काढायच्या जागेपर्यंत. युनरे बाह्या वर करून त्याला वळण देत होती, बाळाला पहिली पावलं शिकवावीत तशी.

"काय दाबलंस?"

"आहे तेवढं."

मानहो ऑक्टोपससकट कॉम्प्युटरकडे धावला आणि त्यानं 'राहू दे' दाबलं. कॉम्प्युटरनं ते मुकाट्यानं ऐकलं. प्लॉटरनं ऐकलं नाही, कारण 'राहू दे' हे फक्त रेघांसाठी होतं. प्लॉटरला थांबवायचं बटण मानहोनं केलंच नव्हतं. तो प्लगकडे वळला.

"थांबा. हात लावू नका."

"अगं, सगळा गुंडाळा संपेल."

"संपू दे. या आपल्या ओसरीच्या फळ्या आहेत का?"

तो वाकून बघायला लागला. फळ्याच होत्या. एकेक फळी वीतभर रुंद, खऱ्या फळीएवढी. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्र घर लहान करून छापत नव्हतं. जेवढ्यास तेवढं छापत होतं. फक्त कागद नव्वद सेंटिमीटर रुंद असल्यानं अकरा मीटर लांबीच्या घराचा, पुढपासून मागपर्यंत, तेवढाच एक काप निघत होता. रताळ्याचा काढावा तसा.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "सोमवारी ऑफिसात नीट छापून आणतो."

"सोमवारी मी इथं असेन का?" युनरे म्हणाली. "तिकडचं टोक धरा."

दोन खोल्यांत ते घर मावेना. म्हणून दोघांनी ते बाहेर नेलं. सगळ्या बिऱ्हाडांच्या दारांपुढून जाणारा लांब, कठड्याचा सज्जा होता. तिथं कागद अंथरला, चारी कोपऱ्यांवर किमचीच्या बरण्या ठेवल्या. ऊन पडलं होतं, वारा नव्हता.

नऊशे सहाच्या आजी दार उघडून बाहेर आल्या. "पाडलीत का शेवटी भिंत?"

"नाही आजी," युनरे म्हणाली. "घर आहे आमचं."

आजींनी कागदाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं. मग चपला सिमेंटवर काढून ठेवल्या आणि मोज्यांनी आत आल्या. "ही कुठली खोली?"

"स्वयंपाकघर."

"लहान आहे," आजी म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहून ओटा कुठं येणार याचा विचार करू लागल्या.

युनरे पुढच्या टोकाला गेली आणि ओसरीच्या कडेवर, पाय कागदाबाहेर सोडून बसली. समोर कठड्याच्या गजांतून, दोन इमारतींच्या मधे, हातभर समुद्र दिसत होता. मानहो तिच्याजवळ दाटीवाटीनं बसला.

"तिकडे मी रोज समुद्रच बघते," ती म्हणाली. "खिडकी उघडली की समुद्र. शाळेच्या पायरीवर बसलं की समुद्र. पण तिथून बघताना तुम्ही पलीकडे असता."

मानहोला काही तरी बोलायचं होतं. बावीस वर्षं त्यानं लोकांना कुठून काय दिसेल ते आखून दिलं होतं, पण आता तोंडातून एवढंच आलं, "अजून दीड वर्ष."

"हं."

"फळ्या तेव्हा लाकडाच्या असतील."

"यासुद्धा बऱ्या आहेत," ती म्हणाली आणि हातानं एका फळीवरची धूळ झटकली. त्या फळीवर धूळ नव्हतीच. आत स्वयंपाकघरात आजी फ्रीज कुठं ठेवावा ते स्वतःशीच बोलत होत्या.

मग युनरे उठली आणि घरातून चालत चालत, प्रत्येक दारातून नीट वळून, पार मागच्या टोकाला झोपायच्या खोलीत गेली. तिथं पलंगाची रेघ होती. त्या रेघेच्या आत ती पाठ टेकून आडवी झाली, डोळे मिटले.

"बरोबर आहे माप," ती म्हणाली. "या ना."

मानहो मोजे सावरत मागोमाग गेला, पलंगापाशी वाकला आणि थांबला. पलंग दीड मीटर रुंद होता, आणि त्याचा अर्धाच भाग कागदावर आला होता. तिचा.

"मी कुठं?"

युनरेनं एक डोळा उघडून शेजारच्या उघड्या सिमेंटकडे बोट केलं. "तुमची बाजू कागदात बसलेली नाही."

त्यानं जरा विचार केला. मग मुकाट्यानं जाऊन सिमेंटवर आडवा झाला. गार होतं, आणि जाकिटातूनही खडे टोचत होते. तिनं कागदावरून हात लांब करून त्याचा हात धरला.

तेवढ्यात आजी स्वयंपाकघर आटपून तिथं आल्या आणि थबकल्या. "हे गं काय? दीड महिन्यानं आलीस, आणि आल्या आल्या नवऱ्याला घराबाहेर काढलंस?"

"मी नाही काढलं, आजी," युनरे डोळे न उघडता म्हणाली. "सगळं त्यांनीच काढलंय. बावीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना."