तांब्याच्या फुलांचं वाण

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी घरातल्या पुरुषाने बेडरूममध्ये जायचं, दार लावून घ्यायचं आणि शेवटच्या बाईने चपला घालेपर्यंत बाहेर यायचं नाही, हा सुहासिनीचा नियम दुबईतल्या अल कुसैसच्या छोट्याशा फ्लॅटमध्येही कडक होता. म्हणून दत्तप्रसाद बनियन आणि बर्म्युडावर पलंगाच्या कडेला बसला होता. दाराला कान लावून नव्हे, पण तिळगुळाच्या डब्याचं झाकण कितव्यांदा उघडलं ते कळेल इतक्या जवळ.

"अय्या, किती गोड!" बाहेरून वरच्या मजल्यावरच्या समिधाचा आवाज आला. "तांब्याची फुलं! कुठून आणलीस गं?"

"मी कुठली आणतेय? ह्यांनी आणली!" सुहासिनीचा आवाज इतका मऊ झाला होता की दत्तप्रसादला आधी ओळखूच आला नाही. "लग्नाला सतरा वर्षं झाली, पहिल्यांदा न विसरता वाण आणलंय. दुपारी झोपले होते, मी बघते तर टेबलावर मखमली थैली! म्हटलं, सरप्राइज!"

दत्तप्रसाद स्वतःशीच हसला. मग त्याला आठवलं की त्याने वाण आणलेलंच नाही.

तो ताडकन उठला. ऑफिसची बॅग उघडली. केशराचा वजनकाटा होता. मखमली थैली नव्हती.

त्या थैलीत फुलं नव्हती. बंदुकीच्या गोळ्या होत्या.

झाडलेल्या होत्या, म्हणजे आता फुटणाऱ्या नव्हत्या, पण गोळ्या त्या गोळ्याच. दत्तप्रसाद रास अल खोरच्या ज्या गोदामात केशर आणि सुकामेव्याचा हिशेब बघायचा, त्याचे मालक खलफान सर उद्या स्कॉटलंडला हरणांच्या शिकारीला निघाले होते. तिथल्या रानात शिशाच्या गोळीला बंदी. शिशाचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मांस माणसं खातात. त्यामुळे गोळी हवी अख्ख्या तांब्याची. सरांनी तीन कंपन्यांच्या सारख्याच वजनाच्या गोळ्या घेतल्या, शूटिंग क्लबमध्ये पाण्याच्या टाकीत प्रत्येकीच्या तीन-तीन झाडून पाहिल्या. तांब्याची गोळी आत शिरली की तिचं टोक फाकतं आणि कमळासारख्या पाकळ्या उघडतात. ज्या गोळीच्या पाकळ्या नीट उघडतील आणि तुटणार नाहीत, ती चांगली. तुटणारी गोळी हरणाला नुसतीच जखमी करते.

"दत्ता, तेरा केसर का काँटा सबसे सच्चा है," सर म्हणाले होते. "जिसका वजन कम नहीं हुआ, वो बोलना. और गुम मत करना. उधर का शिकारी पहले ये देखेगा, फिर जंगल में जाने देगा. ये नहीं, तो मेरा शिकार खलास." पुढचं ते बोलले नव्हते, पण शिकार खलास म्हणजे दत्तप्रसादही खलास, हे कळायला अकाउंट्सची पदवी लागत नाही.

त्याने मुलीला मेसेज केला: आत ये. आत्ता.

ईश्वरी दहावीत होती. वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून जगातला कुठलाही प्रश्न आपल्याला फक्त विचारायचा बाकी आहे, अशी तिची खात्री झाली होती. ती लाडू चघळत आत आली. सगळं ऐकेपर्यंत तिचं चघळणं थांबलं.

"पप्पा. यू मीन, आईने बायकांना बुलेट्स वाटल्या?"

"हळू बोल!"

"अँड वन इज इन द देवघर. अन्नपूर्णेसमोर. कुंकू लावून."

तेवढ्यात बाहेरून सुहासिनी कौतुकाने सांगताना ऐकू आलं, "अगं, काळपट होती गं. दुकानदाराने मार्करने ए, बी, सी पण लिहून ठेवलेलं. मी चिंच-मीठ लावून असली घासली ना!"

"गेलं," दत्तप्रसाद म्हणाला. "कुठली कुठल्या कंपनीची, तेही गेलं."

"आईला सांगूया ना सरळ."

"ऐकलास ना तिचा आवाज? सतरा वर्षांत पहिल्यांदा..." तो दाराला पाठ लावून उभा राहिला. "तिला न कळता गोळा करता येतील का बघ."

"यल्ला, चला," ईश्वरी म्हणाली आणि बाहेर गेली.

तिची युक्ती झकास होती. "सगळ्यांची फुलं या तबकात ठेवा, मी मस्त फोटो काढते!" बायकांनी हौसेने फुलं ठेवली. ईश्वरीने फोटो काढला आणि तबक उचलून सहज किचनकडे वळली.

"अगं अगं, कुठे निघालीस?" समिधाने तबकाचा काठ धरला. "आणि हे बघ, मला मघाशी मोडकं आलं होतं. दोन पाकळ्याच नाहीत. मी बदलून घेणार."

मग जे झालं त्याला हळदीकुंकू म्हणत नाहीत. सगळ्यांना मोठ्या चार पाकळ्यांचंच फूल हवं होतं. बारीक सहा पाकळ्यांच्या फुलावर दोघींनी "चालेल" म्हणून समाधान मानलं. मोडक्यांना कुणी हात लावेना. ईश्वरीच्या हातात रिकामं तबक राहिलं, आणि तेवढ्यात तिने मोजलं. एक फूल तबकात आलंच नव्हतं.

"आई, ब्रिजिट आंटी कुठे?"

"गेली की मघाशीच. तिची रात्रीची फ्लाइट आहे ना मुंबईची. फूल पर्समध्येच टाकलं तिने, वसईला आईला दाखवते म्हणाली."

पर्समध्ये. एअरपोर्टवर. एक्स-रे मशीनमध्ये!

ईश्वरीने चपलासुद्धा घातल्या नाहीत. लिफ्ट तळमजल्यावर अडकलेली, म्हणून ती जिन्याने धावली. खाली टॅक्सीची डिकी बंद होत होती आणि ब्रिजिट मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट शोधत होती.

"आंटी! थांबा! ते फूल परत द्या!"

"काय गो पोरी?" ब्रिजिटचा चेहरा पडला. "वाण दिलेलं परत मागतात काय? तुझ्या मम्मीला मी काय बोलले काय?"

"नाही, नाही! तुम्हाला दुसरं देऊ. छान मोठं."

"मला हेच हवं. माझी आय घरातल्या अल्तारावर ठेवणार, येशूसमोर."

"यल्ला, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "उधर बहुत लाइन होगा." गाडी सुरू झाली. वादविवादातले सगळे मुद्दे ईश्वरीच्या डोक्यातून एका दमात उडून गेले. तिने खिडकीतून डोकं आत घातलं आणि ब्रिजिटच्या कानात खरं तेच सांगून टाकलं.

ब्रिजिटने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मग तिने पर्स उघडली, दोन बोटांनी, झुरळ उचलावं तसं ते फूल उचललं आणि ईश्वरीच्या तळहातावर ठेवलं.

"जेजू," ती छातीवर क्रूस काढत पुटपुटली. "आणि मी मघाशी त्याला किस दिला गो."

ईश्वरी धापा टाकत वर आली तेव्हा बायका पदर सावरत उठत होत्या. निघाल्या की समिधा सोडून प्रत्येकीचं फूल वेगवेगळ्या टॅक्सीने शारजापासून करामापर्यंत जाणार! तिने बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. दार उघडलं.

आणि हळदीकुंकवात दत्तप्रसाद आला. बनियनवर घाईघाईत ऑफिसचा शर्ट, एक बटण चुकलेलं, खाली बर्म्युडा.

"सुहास," तो म्हणाला. "मी वाण आणलंच नव्हतं. विसरलो. ती थैली सरांची आहे." त्याने समिधाच्या हातातल्या फुलाकडे बोट दाखवलं. "फुलं नाहीत ती. बंदुकीच्या गोळ्या आहेत."

समिधाच्या हातातलं फूल टणकन फरशीवर पडलं.

"हरणांसाठी," तो घाईने म्हणाला. "म्हणजे मारली नाहीत अजून! पाण्यातच झाडल्यात. रक्ताचा थेंब नाही, शपथ!"

कुणी हसलं नाही. सगळ्या सुहासिनीकडे बघत होत्या. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ती किचनमध्ये गेली. पिठाची मोठी बादली सरकवल्याचा आवाज आला. ईश्वरीला वाटलं, आता लाटणं येतंय.

सुहासिनी बाहेर आली ती खोका घेऊन. त्यात पेपरात गुंडाळलेले स्टीलचे डबे होते, झाकणावर हळदीकुंकवाची बोटंसुद्धा ओढलेली.

"मागच्या आठवड्यातच आणून ठेवलेत," ती म्हणाली. "दहा दिरहॅमला एक. म्हणजे दोनशेच्या वर गेले की रुपये! मला माहीत नाही होय तुमची आठवण? थैली दिसली, म्हणून मागे सरकवले होते." मग बायकांकडे वळून, "या गं. डबा घ्या, गोळी द्या. समिधा, तुला मोठा."

"मोठा असेल तर मी सगळ्यांच्या गोळ्या गोळा करून देते," समिधा म्हणाली, आणि मग मात्र सगळ्या हसल्या. दत्तप्रसाद सोडून. तो देवघरापुढे उकिडवा बसून नवव्या गोळीवरचं कुंकू पुसत होता.

बायका गेल्यावर ईश्वरीने केशराच्या काट्यावर नऊही गोळ्या तोलल्या. चार पाकळ्यांच्या तिन्ही जवळजवळ जशाच्या तशा भरल्या. सहा पाकळ्यांच्या थोड्या हलक्या. मोडक्या तर विचारूच नका.

"पप्पा, सेम रिझल्ट," ती म्हणाली. "काटा कशाला लागतो? समिधा काकूला विचारायचं."

दत्तप्रसादने लगेच सरांना फोन केला. "सर, ए-बी-सी मिट गया, लेकिन चार पंखुडीवाला लेना."

"चार? शाबास! चार तो एक ही कंपनी का खुलता है, मुझे मालूम है." सरांचा ड्रायव्हर येऊन थैली घेऊन गेला. सुहासिनी त्या रात्री नवऱ्याशी बोलली नाही. पण त्याच्या ताटात तुपाची धार नेहमीइतकीच पडली, म्हणजे प्रकरण फार लांबणार नव्हतं.

सकाळी चहा उकळत असताना खलफान सरांचा फोन आला. दत्तप्रसाद गाळणं धरून उभा होता, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"दत्ता, बड़ा मुश्किल हो गया," सरांचा आवाज कुजबुजल्यासारखा येत होता. "ये गोली इतना चमकाया किसने? मेरी माँ ने थैली खोल दी. बोली, मेरा बेटा पहली बार मेरे लिए कुछ लाया. इतनी खुश है, मैं बोल नहीं सका. सब खाला लोगों को एक-एक दे दिया. दोपहर को मेरी फ्लाइट है, दत्ता. वापस कैसे माँगूँ?"

दत्तप्रसादने गाळणं खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच असा प्रश्न त्याला कुणीतरी विचारला होता, ज्याचं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं, पण किचनमधून पिठाची बादली सरकल्याचा आवाज आधी आला.

"किती मावश्या आहेत," सुहासिनी आतून म्हणाली, "ते विचारा आधी."