सासऱ्यांच्या कपाची आतली बाजू

मी सासऱ्यांना फक्त एवढंच म्हणालो होतो, "बाबा, द्या तो कप, आतून साफ करून आणतो." मोजून आठ शब्द. लग्नाला होकार देताना मी एकच शब्द वापरला होता, तो अजून निस्तरतोय. त्या हिशोबाने आठ शब्दांचं काय होणार हे मला कळायला हवं होतं.

पण मला वाटलं, आपल्या हातात एक कला आहे, ती घरात दाखवावी. मी ज्या कारखान्यात कारकून आहे, तिथे धातूच्या पोकळ वस्तू आतून साफ करतात. पाईप, टाक्या, वाकड्यातिकड्या नळ्या. जिथे हात जात नाही, ब्रश जात नाही, तिथली घाण आम्ही विजेने काढतो. वस्तूत सोड्याचं गरम पाणी भरायचं, मधोमध एक सळई सोडायची, सळईला एक वायर, वस्तूला दुसरी, आणि बटण दाबायचं. आतल्या भिंतीवर बारीक बारीक बुडबुडे सुटतात आणि वर्षानुवर्षांचा थर आपण होऊन निघून वर येतो. (नातेवाइकांवर हा उपाय चालत नाही. मी फोरमनला विचारून बघितलंय.)

या कामात खोट एकच. झालेलं कुणाला दिसत नाही. बाहेरून वस्तू जशीच्या तशी, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही केलंत काय?" म्हणून मीच एक सूचना टाइप करून भिंतीवर लावली होती: साफ झालेल्या नगाच्या आतला फोटो पॅकिंगला चिकटवल्याशिवाय एकही नग बाहेर जाणार नाही. खाली "अपवाद नाही", आणि त्याखाली दोन रेघा. सहा वर्षांच्या नोकरीत मी स्वतःच्या डोक्याने केलेलं हे एकमेव काम. ते पुढे येईलच.

आता कप. सासऱ्यांनी तरुणपणी सायकलच्या शर्यतीत जिंकलेला, पातळ पितळेचा, पोट गोल आणि गळा इतका अरुंद की दोन बोटांपलीकडे काही आत जात नाही. बाहेरून आरसा. दर रविवारी पावडर आणि फडकं घेऊन ते तासभर घासतात. इतके घासतात की त्यावर ठोकलेली अक्षरंही अर्धी गेलीत. आता एवढंच वाचता येतं: "सायकल स्पर्धा, प्रथम क्रमांक". त्याच्या आधीचा शब्द साफ पुसलेला. सासूबाई म्हणतात तिथे "भव्य" होतं. बायको म्हणते "अखिल". सासरे फक्त त्या जागेवरून फडकं अजून दोनदा फिरवतात.

या कपाने माझं आयुष्य हराम केलं होतं. मी न्हाणीघरातून बाहेर आलो की सासरे घड्याळ बघायचे. "एवढ्या वेळात, जावईबापू, मी दोन गावं मागे टाकायचो." मी चप्पल घालायला बसलो की, "आमच्या वेळी बंदुकीचा बार झाला की माणूस सुटायचा. तुमच्यासाठी तोफ आणावी लागेल." आणि मग कपाकडे एक प्रेमळ नजर. घर त्यांचं, वरची गॅलरीवाली खोली आमच्याकडे, त्यामुळे मी आपला हसायचो. (घरजावयाला हसण्याचं भाडं पडत नाही.)

तर येत्या रविवारी सायकल मंडळाचा पन्नासावा वर्धापनदिन होता. सासरे प्रमुख पाहुणे, कप टेबलावर मांडायचा. आणि कपाच्या आतून वास येत होता. चाळीस वर्षांचा, तयार झालेला वास.

"आतून साफ करणार? विजेने?" सासऱ्यांनी कप छातीशी धरला. "याला काही झालं तर?"

"काही होत नाही हो बाबा."

"झालं तर वरची खोली माझी. तुम्ही दोघं जिन्याखाली."

जिन्याखाली एक खोली आहे. तिला खोली म्हणणं हा खोलीचा अपमान आहे. तिथे उभं राहता येतं, पण एकाच ठिकाणी.

"अरे, नको नसत्या भानगडी," बायको म्हणाली. "तू परवा बल्ब बदललास, तेव्हा फ्रिज बंद पडला होता."

"तो योगायोग होता."

"आणि कप?"

मी कप घेऊन निघालो.

फोरमनने खाजगी काम म्हणून नाक मुरडलं, पण मी नगाचं कार्ड भरलं, तेव्हा हातात घेतलं. सळईला प्लास्टिकच्या चकत्या बसवून त्याने ती कपात अलगद सोडली. "सळई भिंतीला टेकली तर ठिणगी पडून भोक. वायरी उलट जोडल्या तर कप खंगत जाणार आणि सळईची चांदी. कळलं?" मी मान हलवली आणि जिन्याखालच्या खोलीत पलंग आडवा बसेल की तिरका, याचा विचार करू लागलो.

पण काही झालं नाही. बुडबुडे आले, मग काळा फेस आला, फेसावर तरंगत एक शर्टाचं बटण आलं, टाचण्या आल्या, आणि शेवटी एक झुरळ आलं, जे बहुधा शर्यत बघायला गेलं होतं. अर्ध्या तासात पाणी स्वच्छ. कपाला ओरखडासुद्धा नाही. मी मनातल्या मनात गॅलरीत खुर्ची टाकून बसलो.

मग नग गेला फोटोला. आमच्याकडे सापासारखा एक लांबडा कॅमेरा आहे, तो अरुंद गळ्यातून आत सोडतात आणि पडद्यावर बघतात. तो चालवणाऱ्याला आम्ही दुर्बीण म्हणतो.

"साहेब," दुर्बीण म्हणाला, "आत लिहिलंय."

"कपाच्या आत कोण लिहायला जाईल?"

"पत्रा पातळ आहे ना. बाहेरून ठोकलेली अक्षरं आतल्या बाजूला उठलीत. बाहेरची घासून गेली, आतली थराखाली मस्त टिकली. उलटी दिसतायत. थांबा, सुलटी करतो."

त्याने बटण दाबलं. पडद्यावर हाताएवढ्या लखलखीत अक्षरांत आलं:

संथ सायकल स्पर्धा, प्रथम क्रमांक.

मी हसलो नाही. मी खुर्ची ओढून बसलो. एवढं सुख माणसाला उभ्याने पेलवत नाही. संथ सायकल! ज्यात पाय न टेकता सगळ्यात शेवटी पोचणारा जिंकतो! दोन गावं मागे टाकणारा माणूस प्रत्यक्षात वीस पावलांवर पाच मिनिटं काढून कप घेऊन आला होता.

मी कुणाला सांगणार नव्हतो. सांगितलं की संपलं. मी हे गुपित साबणाच्या महागड्या वडीसारखं पुरवून पुरवून वापरणार होतो. त्यांनी घड्याळ बघितलं की मी फक्त कपाकडे बघून किंचित हसायचं. रोज एकदा. जन्मभर.

पॅकिंगवाल्याला मी बाजूला घेतलं. "याचा फोटो लावायचा नाही."

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "अपवाद नाही, साहेब. दोन रेघा आहेत."

"अरे, त्या मीच मारल्यात!"

"म्हणूनच ना. तुमचा शब्द मी कसा मोडू?"

"हे बघ, घरचा मामला आहे. खोक्यावर फोटो दिसता कामा नये."

"दिसणार नाही," तो म्हणाला आणि समजूतदारपणे मान हलवली. (समजूतदारपणे मान हलवणाऱ्या माणसांपासून सावध राहावं.) मी खोका चारी बाजूंनी तपासला. फोटो नव्हता. घरी सासऱ्यांनी खोका हातात घेतला आणि म्हणाले, "आता थेट स्टेजवरच उघडू."

रविवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत मंडळाची तरुण पोरं, घट्ट चड्ड्या आणि महागडी हेल्मेटं घालून. सासरे वेग या विषयावर अर्धा तास बोलले. मग मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी कात्रीने चिकटपट्टी कापली आणि लोकांना दिसावं म्हणून खोका पुढे तिरका करून झाकण उघडलं.

फोटो झाकणाच्या आतल्या बाजूला होता. झाकणाएवढाच. रंगीत. खाली शिक्का: "आतून तपासले, बरोबर आहे." आणि माझी सही. (सह्यांचा गठ्ठा मी सकाळीच न वाचता संपवतो.)

"संथ..." बाईंनी माइकवरच वाचायला सुरुवात केली आणि माइकवरच थांबल्या.

हॉलमध्ये कुणीतरी शिंकलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. सासूबाईंनी आधी फोटोकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "म्हणजे भव्य नव्हतं?"

मी दाराकडे सरकत होतो. सासरे उठले. कान लाल, पण आवाज शांत.

"हो. संथ," ते म्हणाले. "जोरात काय, उतारावर दगडसुद्धा जातो. दोन चाकांवर थांबून दाखवा." मग त्यांनी मला हुडकलं. "जावईबापू, दार तिकडे नाही, स्टेज इकडे आहे. तुम्ही कप साफ केलात, पण माझं काही ठेवलं नाहीत. तेव्हा खोलीचा निकाल इथेच लावू. तुम्ही आणि मी. वीस पावलं. शेवटी पोचेल तो वर राहील."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बायको कानाशी येऊन म्हणाली, "अरे, हो म्हण! घोळ घालण्यात तुझा हात कोण धरणार? पहिल्यांदा काहीतरी तुझ्या जोगतं आलंय."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. एकोणतीस वर्षांचा सराव होता माझा. समोर सत्तरीचा म्हातारा, आणि स्पर्धा रेंगाळण्याची! मी जवळजवळ दया दाखवत सायकलवर बसलो.

बाहेर आवारात खडूच्या दोन रेघा मारल्या. शिट्टी झाली. मी पॅडल मारलंच नाही. त्यामुळे सायकल डावीकडे कलली. पाय टेकला तर बाद, म्हणून मी सावरायला एक पॅडल मारलं. मग उजवीकडे कलली, म्हणून दुसरं मारलं. मग घाबरून चार मारली. ब्रेक दाबायला गेलो, तर हातात घंटी आली. घंटी वाजवत मी रेघ ओलांडली, लिंबाच्या सरबताचं टेबल ओलांडलं आणि फाटकाजवळच्या कुंडीत थांबलो. सात सेकंद. सेक्रेटरीबाईंनी मोबाइलवर मोजले. एका पोराने गंभीरपणे विचारलं, "काका, मंडळात येता का? स्प्रिंटला माणूस कमी आहे."

मागे वळून बघितलं तर सासरे अजून पहिल्याच पावलावर होते. पुढचं चाक तिरकं करून, बगळ्यासारखे स्तब्ध. लोकांनी सरबत घेतलं. एका गृहस्थाने घरी फोन करून "निघतोच" म्हणून सांगितलं आणि निघाला नाही. अकराव्या मिनिटाला सासूबाई म्हणाल्या, "पुरे झालं हो, ऊन लागेल," तेव्हा कुठे ते रेघेवर आले. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तेव्हापासून ते दर रविवारी पोरांना थांबायला शिकवतात.

शब्द म्हणजे शब्द. वरची खोली आम्ही रिकामी करतोय. त्याला परवा दोन महिने झाले. आतापर्यंत दोन उशा, एक स्टूल आणि पंख्याचा रिकामा खोका खाली आलाय. सासरे जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसतात. काल मी एक बादली घेऊन उतरत होतो, मधल्या पायरीवर जरा टेकलो. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून हळहळत म्हणाले, "जावईबापू, ही चाल त्या दिवशी कुठे होती हो?"