दुसरी डबी

एसीची कळ फिरवली की त्या जुन्या गाडीतून जी हवा येई, तिच्यात सासूबाईंचे ओले केस वाळत आणि बाकीच्यांचे घसे. शनिवारी सकाळी बाजारातून परतल्यावर बायकोने पिशव्या ओट्यावर आपटल्या, कपाळावरचा घाम पुसला आणि निकाल दिला.

"उद्या ताईकडे जायचंय. तोवर गाडी गार झाली तर ठीक. नाही झाली, तर भाऊजींच्या ओळखीचा एक माणूस जुन्या गाड्या घेतो. सोमवारी देऊन टाकायची."

"देऊन टाकायची?" संशोधकांनी छातीवर हात ठेवला.

ते कचेरीत हेडक्लार्क होते; संशोधक ही पदवी त्यांना घरच्यांनी दिली होती. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दुरुस्त केल्यापासून घरातली माणसं शेजाऱ्यांना वेळ विचारत, आणि मिक्सर दुरुस्त केल्यापासून त्याच्या झाकणावर दोघांनी मिळून भार द्यावा लागे. तरीही त्यांचा स्वतःवरचा विश्वास कणभर ढळला नव्हता. त्यात साडूंनी नुकतीच नवी गाडी घेतलेली. ती दाखवताना साडू काही बोलत नसत, नुसते हसत. तेच संशोधकांना झोंबे.

"गॅस गेला असेल," बायको म्हणाली.

"गॅस कालच तर आलाय की!" सासूबाई आतून गरजल्या.

"आई, हळू. तो गॅस नव्हे."

सासूबाईंचा आवाज असा होता की त्या घरात भाजी चिरता चिरता काही बोलल्या तर तिसऱ्या मजल्यावरचे लोक उत्तर देत. बायको त्यांना "आई, हळू" म्हणे, मुलगी "आजी, हळू" म्हणे. संशोधक तोंडावर काहीच म्हणत नसत. ते फक्त गॅलरीत जाऊन मित्राला फोनवर सांगत, "सासूबाई गाडीत असल्या की आपल्याला हॉर्नची गरजच पडत नाही बघ!" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसत.

तर संशोधक गॅरेजमध्ये जायला तयार नव्हते. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यातला माणूस हातमोजे घालून, हसतमुखाने, इतक्या शांतपणे गाडी उसवत होता, की त्याच्या घरी वाट पाहणारं कुणी नसावं.

व्हिडिओने सांगितलं, आधी हवेचा फिल्टर पाहा. फिल्टर होता डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे. संशोधकांनी कप्पा ओढला. तो निघाला, पण त्याला धरून ठेवणारा एक कानही तुटून हातात आला. फिल्टरमध्ये वाळलेला पाला होता, मुलीची केसांची पिन होती, आणि एक चष्मा होता.

"हाच ना तो?" बायकोने चष्मा दोन बोटांत धरला. "मी रद्दीत दिला म्हणून आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होतात, तोच?"

"तो कप्प्यातून घसरला असणार. रचनेतच दोष आहे."

"रचनेत आहेच," बायको त्यांच्याकडे बघत म्हणाली.

फिल्टर झटकून बसवला. कप्पा मात्र परत बसला नाही. दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबत राहिला. हवा गरम ती गरमच.

मग व्हिडिओने सांगितलं, पुढच्या जाळीतला कचरा मऊ ब्रशने काढा. संशोधकांनी न्हाणीघरातून एक मऊ ब्रश आणला आणि जाळीचा कोपरान् कोपरा घासला. तो बायकोचा केसांना रंग लावायचा ब्रश होता. जाळी लख्ख झाली, हवा गरम राहिली, आणि दुपारचा चहा कुणी विचारला नाही.

"बाबा, सोडा आता," मुलगी म्हणाली. "मेकॅनिकला फोन करते."

"मेकॅनिक काय करणार? हाच व्हिडिओ बघणार! तू आत बस, इंजिन चालू कर आणि मी सांगितलं की एसी लाव."

आता व्हिडिओ मुद्द्यावर आला होता. एसी लावला की बॉनेटखालून 'टक' असा आवाज यायला हवा. तो आला नाही, तर एक छोटी काळी डबी खराब असू शकते. तिला रिले म्हणतात. वीज पुढे पोचवायची की नाही, हे ती ठरवते. खात्री करण्यासाठी तिच्या शेजारची, अगदी तशीच दिसणारी डबी काढून तिच्या जागी लावून पाहावी.

मुलीने एसी लावला. संशोधक बॉनेटखाली कान देऊन उभे राहिले. टक नाही.

या डब्या ज्या पेटीत होत्या तिच्या झाकणावर कोणती डबी कशाची हे बारीक अक्षरात छापलेलं होतं. पण सापडलेल्या चष्म्याची एक काच फिल्टरमध्येच राहिली होती. उरलेल्या काचेतून संशोधकांनी एसीची डबी तेवढी शोधली आणि तिची शेजारणीशी अदलाबदल केली.

टक!

गाडीतून मुलगी किंचाळली, "बाबा, गार! खरंच गार!"

बायको बाहेर आली, झरोक्यापुढे हात धरला आणि तिचा चेहरा मनात नसताना सैलावला. सासूबाई येऊन मागच्या सीटवर बसल्या त्या जेवायलाच उतरल्या.

"पण ती दुसरी डबी कशाची होती हो?" बायकोने विचारलं.

"असेल काहीतरी किरकोळ," संशोधक हात पुसत म्हणाले. "इतकी वर्षं निमूट बसली होती बिचारी."

रविवारी सकाळी गाडी निघाली. काचा बंद, आत गारवा, संशोधकांच्या तोंडी शीळ. लोंबता कप्पा बायकोच्या गुडघ्यांवर आपटत होता, पण तीही गप्प होती. बाजाराच्या वळणावर पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभा राहून फोनवर बोलत होता. संशोधकांनी हॉर्न दाबला.

काहीच झालं नाही.

"अहो, हॉर्न वाजवा ना."

"दाबतोय."

"जोरात दाबा."

संशोधकांनी दोन्ही अंगठे लावले. गाडी निमूट. आणि अचानक त्यांना उमगलं, की काल दुपारपर्यंत निमूट बसलेली ती शेजारीण कोण होती. बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तिलाही उमगलं.

"किरकोळ," ती म्हणाली.

तेवढ्यात मागची काच खाली गेली.

"ओ पांढरा शर्ट! घरी जाऊन बोला! सरका!"

पांढरा शर्ट सरकला. पुढची हातगाडी सरकली. ज्यांचा काही संबंध नव्हता तेही सरकले. दुकानातला एक माणूस आत सरकला.

"आई, ह..." बायको म्हणायला गेली आणि मध्येच थांबली. पुढे एक टेम्पो मागे मागे येत होता.

"ए टेम्पो! डोळे पाठीला आहेत का?"

टेम्पो थिजला. त्यानंतर बाजार संपेपर्यंत मागची काच वर गेलीच नाही. गार हवा रस्त्यावर आणि रस्त्यावरची हवा आत. साडूंच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा चौघेही घामाने निथळत होते.

साडू हसत पुढे आले. त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"एसी दुरुस्त केलात म्हणे? ही तर भट्टी आहे! मग काय, त्या माणसाला उद्या पाठवून देऊ?"

संशोधकांनी तोंड उघडलं. एसी चालतो असं म्हणावं तर हॉर्नची गोष्ट निघते, आणि ती निघाली तर साडू वर्षभर हसणार. त्यांनी तोंड मिटलं.

"कुणाला पाठवायची गरज नाही," सासूबाई उतरता उतरता म्हणाल्या. "मला फार गारठा लागत होता, म्हणून मीच काच उघडली. गाडी उत्तम आहे. विकायची नाही."

संशोधकांना भरून आलं. "आई, तुम्ही माझी..."

"आणि जावईबापू," सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच आवाज खाली आणला, "गॅलरीतून फोनवर म्हणता ना तुम्ही, मी असले की हॉर्नची गरज पडत नाही? पटलं हो मला. आता कुठेही निघालात की मला घेऊनच निघायचं. सकाळी कचेरीतसुद्धा."

"अहो आई, ती डबी कुठल्याही दुकानात मिळते. मी आत्ता जाऊन..."

"काही आणायचं नाही. चांगलं चाललेलं बिघडवायचं कशाला?"

परत निघताना बायको आपणहून मागे बसली आणि तोंडावर रुमाल धरून खिडकीबाहेर पाहू लागली. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, लोंबता कप्पा त्यांनी मांडीवर घेतला, काच खाली केली आणि संशोधकांनी किल्ली फिरवण्याआधीच एकदा आवाज तपासून पाहिला.

साडूंच्या नव्या गाडीचा अलार्म वाजू लागला.