एक पाना कमी

मसुरकरसाहेब न्हाव्याच्या खुर्चीतून कधी लगेच उठत नसत. दाढी झाली, तोंड पुसलं, गळ्यातला टॉवेल निघाला, तरी हे बसलेलेच. "कात्री? कंगवा? वस्तरा? ब्रश?" न्हावी एकेक वस्तू उचलून दाखवायचा, साहेब मान हलवायचे, आणि मगच उठायचे. एकदा तो वैतागला. म्हणाला, "साहेब, तुमच्या डोक्यात कात्री राहिली तर तुम्हाला कळेल की!" साहेब गंभीरपणे म्हणाले, "एकदा बंद केलं की आतलं कुणाला कळत नाही, बाबा."

भाच्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा तर कहरच. ऑपरेशन करून डॉक्टर बाहेर आले आणि साहेबांनी त्यांना दारातच अडवलं. "हत्यारं मोजली?"

"मोजली."

"कुणी मोजली? सही कुठाय?"

वॉर्डबॉयनी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. त्यानंतर भाच्याच्या बायकोने त्यांना घरी बोलवायचं बंद केलं. साहेब म्हणायचे, "बरोबर आहे तिचं. इन्स्पेक्शनवाल्याला जेवायला कोण बोलावतो?"

मी परभणीकडचा. शाळा सातवीत सुटली. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका तंत्रशाळेच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. नोकरी जाईल ही भीती मला रोज सकाळी चहाच्याही आधी यायची. गेटच्या आत सिमेंटच्या तीन खांबांवर एक छोटं जेट विमान उभं केलेलं होतं. शिकाऊ पायलटांसाठीचं, पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. दूरच्या एका सरकारी कारखान्यात अशी दोनच बनली, नमुना म्हणून. पसंत पडली तर शेकडो बनायची होती. पसंत पडली नाहीत. थोरलं कुठे गेलं देव जाणे, धाकटं आमच्या शाळेला मिळालं, पोरांना बघायला.

पोरं बघत नसत, वापरत. पंखांवर शर्ट वाळत, शेपटीवर कुणाकुणाची नावं बाणांसकट कोरलेली, आणि इंजिनाच्या तोंडात कावळ्याचा संसार.

साहेब पहिल्यांदा आले ते थेट माझ्यावरच. "त्या पंखावर कपडे कुणाचे रे?"

"होस्टेलच्या पोरांचे."

"काढ."

"माझी नोकरी जाईल, साहेब."

"मग मी काढतो. माझी गेलेलीच आहे."

हे विमान बनलं त्या कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. रिटायर झाल्यावर लोक गावी जातात, हे धाकट्या विमानाच्या मागे मुलुंडला आले. मालवणात घर होतं, ते भावाला दिलं आणि शाळेसमोरच्या चाळीत खोली घेतली. लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "ऑर्डर आली की करणार होतो." रोज येऊन विमान फडक्याने पुसायचे, टायर दाबून बघायचे. पोरं त्यांना पायलट म्हणायची. "पायलट, ॲव्हरेज किती देते हो?" "पायलट, एक चक्कर जुहूपर्यंत!" साहेब पुसत राहायचे. ते आयुष्यात कधी विमानात बसलेले नव्हते. मला एकदा म्हणाले, "आम्ही खालची माणसं. वर गेलं की आमचं काम संपलं, आणि वर गेलं नाही की आमचं नाव निघालं."

मला कावीळ झाली तेव्हा या शहरात पाणी विचारणारं माझं कुणी नव्हतं. साहेबांनी मला खोलीवर नेलं, स्वतः पेज करून भरवली. माझी भांडीही तेच घासायचे. घासून झाली की चमचे मोजायचे आणि मला मोठ्याने आकडा सांगायचे. मी पिवळ्या डोळ्यांनी "बरोबर, साहेब" म्हणायचो. तेवढंच त्यांना पुरायचं. ते उपकार मी कुठे ठेवू, मला अजून कळत नाही.

मग प्राचार्यांच्या डोक्यात आलं की स्टाफच्या स्कूटरी उन्हात तापतात. विमानाच्या जागी शेड घातली तर सगळ्यांच्या मावतील. भंगारवाला ठरला. मला बोलावून प्राचार्य म्हणाले, "तो म्हातारा तमाशा करेल. तो आत आला तर तू बाहेर, समजलं?"

मी जाऊन साहेबांना सांगितलं. वाटलं रडतील, भांडतील. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "मेल्या, मला आत सोड. मला थांबवायचं नाही, फक्त बघायचंय. धाकट्या विमानाच्या पोटात माझा एक पाना असेल."

त्या दिवशी पहिल्यांदा मला सगळं कळलं. कारखान्यात एकदा दिल्लीचे मोठे लोक विमान बघायला आलेले. हेच, धाकटं. दोन्ही पायलट पट्टे बांधून बसलेले. उडवायच्या आधी शेवटची सही इन्स्पेक्टरची. साहेबांनी हत्यारं मोजली, तर एक पाना कमी. सही केली नाही.

"एक पाना हो, साहेब?" मी म्हटलं.

"एकच पुरतो. आत कुठे अडकला तर पायलटच्या हातातली दांडी हलत नाही, विमान खाली येतं. दोघांना बायकापोरं होती रे." दिवसभर विमान खोललं, पाना सापडला नाही. पाहुणे चहा प्यायले, घड्याळं बघितली, निघून गेले. परत कधी आले नाहीत. "कदाचित आधीच ठरलेलं असेल. बाहेरच्या देशाची विमानं घ्यायची होतीच त्यांना. पण कारखान्यात सगळे म्हणाले, मसुरकरने विमान पाडलं. तेही उडायच्या आधी." ते हसले. मला हसू आलं नाही. "पाना आत असेल तर मी दोन जीव वाचवले. नसेल तर हजार माणसांचं काम मी उगाच बुडवलं. एवढंच बघायचंय."

मी गेट उघडलं.

भंगारवाल्याची माणसं कापत होती आणि साहेब प्रत्येक तुकड्यापाशी जात होते. "जरा हलव. उलटा कर." भंगारवाला म्हणाला, "अंकल, सोनं ठेवलंय काय आत?" निघालं काय? काड्या, विड्यांची थोटकं, परीक्षेतल्या कॉप्या, एक कंगवा. कापलेला ढीग वाढत गेला. साहेब आधी उभे होते, मग विटेवर बसले. मग त्यांनी विचारणंही बंद केलं. फक्त ओठ हलत होते.

आता शेपटी तेवढी राहिली होती. मी गेटवर दुसऱ्याला उभं केलं, धावत स्टेशनाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि एक पाना घेतला. कोणता घ्यायचा मला काय ठाऊक, दिसला तो घेतला. रस्त्यात दगडावर घासला, गॅरेजवाल्याकडचं काळं ग्रीस फासलं, माती लावली. शेपटी कापून खाली पडली त्या गडबडीत आत सरकवून दिला. मग मीच ओरडलो, "साहेब! इथे काहीतरी वाजतंय!"

ते धावत आले. या वयात धावत. पाना उचलला, धोतराच्या टोकाने पुसला आणि काखेतली कॅनव्हासची गुंडाळी जमिनीवर पसरली. ती मी आजवर पाहिली नव्हती. आत हत्यारांचा तोच संच, अपुरा म्हणून कारखान्याने टाकून दिलेला, तो त्यांनी मागून घेतला होता. एकेका कप्प्यात एकेक पाना, बारीक, चकचकीत, प्रत्येकावर एकाच वळणात नंबर कोरलेला. मधला एक कप्पा रिकामा. माझ्या पान्यावर पंजाबातल्या कुठल्याशा कंपनीचं नाव होतं, आणि तो त्या कप्प्यापेक्षा चांगला दुप्पट जाड होता.

मी हात मागे घेतले.

साहेबांनी त्या नावावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग पाना त्या कप्प्यात घालायला लागले. जाईना. त्यांनी जोर लावला, तशी शिवण टरकली, आणि पाना कसाबसा आत बसला.

"हाच," ते भंगारवाल्याला म्हणाले. "आत होता. आतच होता बरं का."

"भेटला ना अंकल? झकास!" तो म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

साहेबांनी गुंडाळी बांधली, गाठ मारली, काखेत धरली. माझ्याकडे बघितलं नाही. जाता जाता जवळ थांबून हळू आवाजात म्हणाले, "हात धुऊन घे, ज्ञानू. ग्रीस लागलंय. कुणी बघेल."