साहेब बघायला येणार

थोडक्यात बोलावं तर ते मीच, या नाथाजीनं. आमच्या ग्रामपंचायतीत बाकीचे लोक पाऊस आला हे सांगायलाही ढगापासून सुरुवात करतात. मी क्लार्क असल्यामुळं माझा निरोप दोन वाक्यांचा. तिसरं वाक्य लागलं तर समजावं, सांगणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही.

त्र्याहत्तर साली पंचायतीनं मोठी योजना आखली. ओढ्याकाठी विहीर, वर टाकी, टाकीतून नळ. शिवाय शेणावर चूल पेटवणारा गोबरगॅस. पहिला नळ आणि पहिला गोबरगॅस एकाच घरी बसवून गावाला दाखवायचं ठरलं, आणि मी साळूबाईंचं घर सुचवलं. घर पार टेकावर, गोठ्यात चार म्हशी. साळूबाईंचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला, आणि त्यांची लेक विजयमाला दिवसाला अकरा वेळा ओढ्यावरून पाणी चढवायची. पंचायतीच्या खिडकीतून ती चढण नीट दिसते. खिडकीजवळचं टेबल मी मागून घेतलं होतं, पण ते असो.

गाव माझं आजोळ, त्यामुळं साळूबाई माझ्या मामी. दारात सायकलवरून न उतरताच मी त्यांना निरोप दिला, "मामी, उद्या साताऱ्याचे साहेब बघायला येणार हायत. पसंत पडलं तर मे महिन्याच्या आत दारात गॅस!"

दोन वाक्यं. आता यात चुकण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेबांना घेऊन मी टेक चढलो, तर अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, आत घोंगडीवर पांढरी चादर. साहेब चांगले पन्नाशीचे, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. साळूबाईंचे दीर हंबीरराव फौजेतले निवृत्त हवालदार. त्यांनी साहेबांना कडक सलाम ठोकला. पोह्यांची ताटली आली तेव्हा मला भरून आलं. योजनेला गावानं एवढा मान दिलेला मी कधी पाहिला नव्हता.

साहेबांनी पोहे खात चौकशी सुरू केली. "पाणी कोण आणतं?"

"आमची पोरगी," हंबीरराव म्हणाले. "अकरा खेपा. पर कवा कुरकुर न्हाई."

"अरे वा. आणि शेणाचं?"

"त्येबी तीच बघती. सैंपाक तर असा करती, दोन भाकरी ज्यादा जात्यात."

साहेबांनी ताटली खाली ठेवली. "हंबीरराव, आम्हाला पसंत आहे. फार ताणायचं नाही. मेच्या आत उरकून टाकू."

"आन खर्चाचं कसं?"

"निम्मा सरकार देतं."

दुसरा कुणी असता तर इथं चमकला असता. पण हंबीररावांनी वीस वर्षं फौजेत काढलेली. सरकार काहीही देऊ शकतं यावर त्यांचा पूर्ण विश्वास. ते उठले आणि दारात जमलेल्या बायकांना साखर वाटू लागले. चिमूटभर माझ्याही तळहातावर पडली आणि मी ती खाल्ली.

मग साहेबांनी पिशवीतून टेप काढला. "आता जरा माप घेऊ."

साळूबाई लगबगीनं पुढं झाल्या. "माप कशाला, सायेब? मापाची चोळी देते की."

"चोळी?" साहेब म्हणाले. "बाई, मी खड्ड्याचं माप घेतोय. गोबरगॅसच्या."

हंबीररावांची साखरेची मूठ हवेतच राहिली. साळूबाई माझ्याकडं वळल्या. "नाथाजी, बघायला येणार म्हणालास की रं. दारात गॅस येईल म्हणालास. मला वाटलं, वरातीतली गॅसबत्ती. सायबांचा ल्योक आसंल, सायेब पोरगी बघाया आल्यात."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आतल्या दारातून विजयमाला बाहेर आली.

"आये, मला ठाव हुतं," ती म्हणाली. "पंचायतीत सा महिनं नळाचंच चाललंय."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तू काल सारवताना गाणं म्हणत हुतीस. आबा गेल्यापास्नं पयल्यांदाच."

साळूबाईंनी पदर डोळ्याला लावला. साहेब टेप गुंडाळत राहिले.

"साखर वाटून झाली," साळूबाई म्हणाल्या. "आता गावात कुठल्या तोंडानं जाऊ? नाथाजी, तू घातलेला घोळ हाय. आता तूच बघ."

"बघतो, मामी," मी म्हणालो.

मला म्हणायचं होतं की घरोघरी जाऊन खुलासा करतो. पण हंबीररावांनी मला उराशी धरलं आणि उरलेली साखर माझ्या नावानं वाटली.

संध्याकाळी ओढ्याच्या वाटेवर विजयमालानं घागर खाली ठेवली. "बघतो म्हणालात, ते काय बघतो म्हणालात?"

"गावाची समजूत," मी खरं सांगितलं. मग जरा धीर केला. "पर तुझी हरकत नसंल, तर दुसरंबी."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "आदी नळाचं बघा. मी सासरी गेल्यावर आयेनं का ह्यो टेक चढायचा?" एवढं बोलून तिनं घागर उचलली, पण हसू काही लपलं नाही.

नळ एप्रिलात आला. अख्ख्या तालुक्यात इतक्या लवकर कुठं आला नव्हता. त्यासाठी मी साताऱ्याला किती एसट्या बदलल्या ते विचारू नका. अर्जात कारण या रकान्यात मी लिहिलं होतं, 'तातडीची गरज'. साहेबांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि सही करता करता म्हणाले, "कुणाची ते लिहायचं राहिलंय. पण असू दे, दिसतंय."